नाय काय खातं

मच्छे, १९ ऑगस्ट १९८४

मष्णू,

फासा पोचला. पोस्टमननं पाकीट कानाशी हलवून बघितलं आणि विचारलं, "बाई, मस्कतवरनं खडा आला काय ओ?" आईनं ते खरंच धरलं. दोन दिवस तुझा वीस बाजूंचा फासा देव्हाऱ्यात खंडोबाच्या टाकाशेजारी बसलाता. हळदकुंकू लागून आकडे बुजलेत. सात पडले का सतरा, कळायला खिडकीत न्यावं लागतं. खेळातल्या तुझ्या माणसाच्या वाट्याला वाईट आकडा आला तर मला शिव्या देऊ नको.

तुझ्या साहेबाची पोरं असलाच खेळ खेळत्यात म्हणून लिवलंस. जग जळून गेल्यावरचा. छापील पुस्तक, त्यात दोन डोक्यांची, चार शेपट्यांची जनावरं. मला हसू आलं. आपण हे एकोणऐंशी सालीच केलंतं की रं! स्कायलॅब डोक्यावर पडणार म्हणून सगळं गाव घरात दडलंतं आणि तू म्हणालास, "पडू दे आक्का, पडल्यावर बेळगावात काय काय उरतं ते ठरवू." मी किल्ल्याच्या खंदकात पाच पायांची म्हैस सोडली. तू कॅम्पातल्या घोड्याला माशाचं तोंड लावलंस. आप्पा फौंड्रीतनं आलते, कानापर्यंत काळे, धुणं धुवायच्या दगडावर बसून पाय घासत होते. तिथनंच म्हणाले, "ते खातं काय?"

आपण खाण्याचं काहीच ठरवलं नव्हतं. ते म्हणाले, "खाणं न्हाय ते जनावर न्हाय, ते भूत." तवापास्नं आपल्या प्रत्येक जनावराला खाणं. म्हशीला कुंदा, घोड्याला भडंग. ते पुढं टाकलं की वाट सोडतं. तुझ्या साहेबाच्या पुस्तकात ताकद हाय, वेग हाय, विष हाय म्हणतोस. खाणं हाय का बघ जरा.

आता खरं सांगतो. तुझ्या चार पानांत मी एकच शब्द शोधला, आप्पा. कुठं सापडला न्हाय. शेवटी 'सगळ्यांना नमस्कार', जसा काय तू सोसायटीचा चेअरमन. तिसऱ्या रेल्वे गेटावर जे झालं त्याला वर्ष झालं. आप्पा फौंड्रीत चिकटवतो म्हणाले, तू म्हणालास, मला साच्यांच्या वाळूत मरायचं न्हाय. ते म्हणाले, मग मला ल्योक न्हाय. तू म्हणालास, मलाबी बाप न्हाय. आख्खी पहिली पाळी सायकली धरून ऐकत उभी होती. मी कुणाचीच बाजू घेत न्हाय. आप्पा म्हणून दोन ओळी लिव, एवढंच मागतो.

(नव्या हेडबाई म्हणत्यात, "बाई, 'मागतो' काय म्हणता, 'मागते' म्हणा, पोरी बिघडतील." म्हणून शाळेत मागते आणि घरात मागतो.)

तुझा माणूस तिसऱ्या गेटावर उभा हाय. रूळ वितळून चिकटलेत. पुढं उद्यमबाग, धुराडी आडवी. डावीकडं का उजवीकडं, ते कळव.

आक्का


मच्छे, ११ नोव्हेंबर १९८४

मष्णू,

तुझा डाव मिळाला. 'सगळ्यांना नमस्कार' पण मिळाला, तो मी सगळ्यांत सारखा वाटला.

एक गंमत सांगतो. आप्पांच्या शेजारी साचे भरणारा आण्णाप्पा आठवतो का? गोकाककडचा, मराठी समजतो पण घाबरला की कानडीच तोंडात येतं. गेल्या महिन्यात फौंड्रीत कोल्हापूरचा नवा सुपरवायझर आला. शेडच्या दारात थांबून विचारतो, "आत कुत्रं हाय काय रं?" आण्णाप्पानं आतलं धूड बघितलेलं, तो दोन्ही हात वर करून ओरडला, "नाय! नाय!" कानडीत नाय म्हणजे कुत्रं. सुपरवायझर म्हणाला, न्हाय म्हणतोय, आणि ऐटीत आत गेला. पोटरीचा लचकाच काढला की त्यानं! आता बिचारा सिव्हिलमध्ये पोटात सुया घेतोय आणि म्हणतोय, तो माणूस खोटं बोलला. आण्णाप्पा म्हणतोय, मी दोनदा सांगितलं.

आप्पा हे सांगताना इतके हसले की खोकला लागला, आणि खोकला थांबेना तवा आईनं पाठ चोळली.  तिसऱ्या दिवशी जेवताना म्हणाले, "जये, माझं एक जनावर घे खेळात."

मी पाटीपेन्सिल घेतल्यासारखा बसलो. आप्पांनी आपणहून कधी जनावर दिलंय का? नुसतं खाणं विचारायचे. आता त्यांच्याच शब्दांत लिवतो.

"नाव नाय. रंग जळक्या वाळूचा. एरवी दिसत न्हाय. कुणी न्हाय म्हटलं की त्याला वाटतं आपल्याला बोलवलं, मग ते येतं."

मी विचारलं, "आणि ते खातं काय?"

"ज्याला न्हाय म्हटलं ते. पाणी न्हाय म्हटलं, हीर खाल्ली. दिवा न्हाय म्हटलं, दिवा खाल्ला. ल्योक—"

तिथं घास हातातच राहिला. आई भाकरी थापायची थांबली. 

मग म्हणाले, "खाल्लेलं परत मिळतं. पण घरात बसून मिळत न्हाय. जिथं तो शब्द टाकला तिथं जायचं, आणि ज्याला न्हाय म्हटलं त्याला नावानं हाक मारायची. एकदा हाक मारून भागत न्हाय. त्याला ओकायला येळ लागतो." एवढं बोलून हात धुतला आणि बाहेर गेले. ताटात अर्धी भाकरी तशीच.

मष्णू, मी पोरांना व्याकरण शिकवतो, मला एवढं कळतं. तुलाबी कळंल.

तर नियम असा. ह्या पत्रापास्नं पुढं आपल्या कागदावर तो शब्द बंद. 'नको' चालतं, 'नव्हतं' चालतं. तो एक सोडून. ज्याच्याकडनं लिवला जाईल त्याच्यावर नाय सुटणार. आत्ता शेवटचं लिवून घेतो: न्हाय न्हाय न्हाय. झालं, हौस फिटली.

आक्का


मच्छे, २४ मार्च १९८५

मष्णू,

तू दोन पानं तो शब्द टाळून लिवलीस आणि शेवटी दमलास ते दिसलं. 'पगार अजून मिळायचा आहे' म्हणे! मी तर शाळेतबी अडकायला लागलो. पोरगं विचारतं, बाई, पाणी पिऊ? मी म्हणतो, थांब. पोरगं विचारतं, बाई, सुट्टी हाय? मी म्हणतो, बस खाली. हेडबाईंना वाटतंय मी सुधारलो.

आप्पा घरी हाईत. सायकल सुटली. जिन्याच्या चार पायऱ्या चढले की भिंतीला हात लावून उभं राहत्यात, आणि आपण बघितलं की म्हणत्यात, भिंत ओली वाटली म्हणून बघतोय. सिव्हिलच्या डॉक्टरनं फोटो काढून घेतला. छातीत वाळू बसल्या म्हणाला. आप्पा त्यालाच विचारत्यात, "चाळून काढता येती का?" डॉक्टर हसला. आई आणि मी हसायचं राहिलो.

तुझा माणूस धुराड्याखालनं सरपटत निघालाय म्हणतोस, तर त्याच्या पुढ्यात आप्पांनी हे ठेवलंय. नाव शिट्ट्या. माणसासारखा, पण छातीत वाळू भरलेली. श्वास घेतला की शिट्टी वाजते, म्हणून लपता येणं अवघड, सगळे आधीच पळून जात्यात. ताकद तीन. वेग एक. मी म्हटलं, आप्पा, एक म्हणजे लईच कमी वेग की. म्हणाले, पुरे, त्याला कुठं जायचंय?

खाणं गूळ. फौंड्रीत पाळी सुटताना धूळ उतरायला गुळाचा खडा देत्यात की, तोच. गूळ दिला की शिट्ट्या वाट सोडतो. आणि आप्पा म्हणाले, "त्याला सांग, शिट्ट्याला मारलं तर वीसमधले दोन पडले तरी मरतो. मारायचं का गूळ द्यायचा, ते त्याचं त्यानं ठरवावं."

एकदा मला म्हणाले, तिसऱ्या गेटावर घेऊन चल. सायकलच्या कॅरियरवर बसवून नेलं. लई हलके झालेत रं, मागं कुणी बसलंय असं वाटतच नव्हतं, सारखं वळून बघत होतो. मला म्हणाले, तू केळी घेऊन ये. केळी घेऊन आलो तरी गेटाच्या खांबाला धरून उभेच. गाडीची वेळ नव्हती. काय बघत होते देवाला ठाऊक.

लवकर लिव. आणि मागितलेलं ते अजून यायचं हाय, विसरू नको.

आक्का


मच्छे, ८ ऑगस्ट १९८५

मष्णू,

तुझं मेचं पत्र जुलैत मिळालं. शिट्ट्याला गूळ दिलास. वाचून दाखवलं.

इथं सगळं ठीक. शाळा चालू झाली. पाऊस हाय. सायकल आता मीच वापरतो, सीट खाली घ्यायला स्क्रू फिरत नव्हता, म्हणून तशीच उंच चालवतो. आईच्या हातातला आवाज बंद झालाय. स्वयंपाकघरात कोण हाय ते कळायला आता वाकून बघावं लागतं. मध्ये पंधरा दिवस भावकूमामा तिला निपाणीला घेऊन गेलते. परत आली. जेवते. मी पण जेवतो.

तू विचारलंस, पुढं काय. पुढं दोन जनावरं हाईत. आप्पांनी सांगितलेली.

पहिल्याचं नाव घडी. ते घडी केलेल्या कपड्यांत राहतं. ताकद शून्य, वेग शून्य. चावायचं विसरलंय. सदरा उचलला की काहीतरी खाली पडल्यासारखं वाटतं, वाकून बघावं तर फरशी.

दुसरं चारपायी. त्याला नुसते पायच, बाकी अंग उडून गेलंय. जिथं बाज असायची तिथं जमिनीत चार खळगे पडलेले असत्यात, ते म्हणजे चारपायी उभं हाय. सारवलं तरी खळगे परत येत्यात. अंगावरनं चालत गेलं तरी त्याला कळतं का, सांगणं कठीण.

तुझ्या माणसानं फासा टाकला. मी टाकला त्याच्या वतीनं. अकरा पडले. अकरात काय होतं ते मला आठवेना, म्हणून हा डाव फुकट गेला असं धर. तो उभा हाय. तू आप्पांचं कवा विचारलंस म्हणून आज सांगू?

आक्का


मच्छे, १ डिसेंबर १९८५

मष्णू,

तुझं पत्र एका ओळीचं आलं. नमस्कारसुद्धा टाकायचा विसरलास. "आक्का, ही जनावरं आप्पांची..." पुढचा शब्द मी अंगठ्यानं झाकून वाचला. नियम मोडलास. आणि खाली, "ती खातात काय?"

पोस्टमन गेला तरी मी दारातच उभा. पहिल्यांदा आप्पा लिवलंस. एवढ्यासाठी मी सव्वा वर्ष तुझ्या मागं लागलो, आणि आलं ते हे असं. मला तुझा राग आला, लई आला. मग तोबी गेला. हल्ली माझं असंच होतंय, काहीही आलं तरी टिकतच... बघ, अडकलो.

व्हय, ती दोन्ही जनावरं माझी. खाणं द्यायचं माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. तुझा प्रश्न वाचून मी तासभर विचार केला घडी काय खाईल म्हणून. काही सुचलं तर शपथ. आप्पा म्हणालेतेच, खाणं नसलं की ते जनावर कसलं, ते भूत.

जूनमध्ये आप्पा गेले, असं मी लिवून बघितलं. तीनदा लिवलं, तीनदा फाडलं. गेले म्हणजे काय? आप्पा रोजच जायचे, पहिल्या पाळीला. वारले लिवलं तर शाळेतल्या नोटिशीसारखं वाटलं. आपल्याकडं ह्याला पुरा पडणारा शब्द एकच, आणि तो आप्पांच्या नायपायी मीच बंद करून ठेवलाय. मला खरंच वाटायचं, मी तो लिवला की नाय येणार आणि उरलेलं खाऊन टाकणार. पोरांना विज्ञान शिकवतो मी. हसलास तरी चालंल.

भावकूमामा तार करायला निघालेते. मीच म्हटलं, थांबा, मी लिवतो. आणि लिवलं काय, तर घडी. मला वाटलं, खेळ थांबला की तुझी पत्रं थांबतील. तू खेळासाठी लिवायचास, माझ्यासाठी कुठं लिवायचास? आप्पा त्या बाजूला, तू मस्कतला, मग मी आक्का कुणाची? आई समजते तुला तार मिळाली आणि तू यायचं टाळलंस. तुझं नाव काढलं की उठून जाते. तिला अजून सांगायचं हाय, आधी तुला सांगतो.

रडायचं राहूनच गेलं माझं. बायका येऊन म्हणायच्या, पोरीनं धीर धरलाय. धीर कसला, मी चहा किती कप टाकायचा ते मोजत होतो.

आता काल काय झालं ते ऐक. आण्णाप्पा आलता, गेटावरच्या भांडणादिवशी तो गोकाकला होता, तुझं नावबी त्याला ठाऊक नव्हतं. आप्पांचा फौंड्रीतला डबा आणि टोपी द्यायला. पाणी प्यायला आणि त्याच्या त्या मोडक्या मराठीत विचारतो, "आक्कारं, मष्णू म्हणजे कोण? देव काय तुमचा?"

मी म्हटलं, "भाऊ माझा. का रं?"

म्हणाला, "रोज सकाळी तिसऱ्या गेटला तुझा आप्पा सायकल थांबवणार. गाडी असू दे, नसू दे. गेट उघडंच असायचं. खांब धरणार आणि हाक मारणार, 'मष्ण्याऽऽ'. दोनदा, तीनदा. मग थोडा वेळ थांबणार. मग सायकलवर बसणार. पोरं हसायची. मी विचारलो एकदा, कोणाला बोलवतो मामा? तर म्हणाले, कुत्र्याला."

आण्णाप्पा हसत होता. मी त्याला अजून पाणी दिलं. त्याला वाटलं, खरंच कुत्रं पाळलंतं आणि हरवलं. "सापडलं काय नाय?" म्हणून विचारलं त्यानं जाताना.

मष्णू, मी केळी आणायला गेलोतो. दीड वर्ष माणूस रोज त्या खांबाला धरून तुला कुत्र्याच्या तोंडातनं काढत होता आणि मी केळ्याचा भाव करत होतो.

पण काढलं त्यांनी. हे मला काल कळलं. तू त्या एका ओळीत आप्पा लिवलंस की रं. नायनं तुला ओकलं. उशिरा ओकलं, पण ओकलं. त्यांच्या वाटणीचा शब्द त्यांनी फेडला. तिसऱ्या गेटावर आता एकच शब्द पडलाय, तुझा.

म्हणून मी आज नियम मोडतो. मी टाळलं म्हणून ते उरले असते तर जन्मभर टाळलं असतं. दार उघडं ठेवलंय, आई चुलीपाशी हाय, फासा पुढ्यात हाय.

आप्पा न्हाईत.

लिवलं. बाहेर काही आलेलं दिसत न्हाय. एवढंसं रडू आलं, लिवताना जो डाग पडलाय तो त्याचा, चहाचा न्हाय.

रजा काढून ये. घरी यायच्या आधी तिसऱ्या गेटावर उतर. खांब डाव्या हाताचा. लोक बघतील, बघू देत. एकदा हाक मारून भागत न्हाय, हे तुला ठाऊक हाय.

आता तुझा डाव.

आक्का